व्हेपोरायझर मोठा घ्यायच्या आधी पाण्याचं तापमान बघा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला अंबड एमआयडीसीत पावडर कोटिंगचं युनिट आहे. दोन ओव्हन आणि प्रीट्रीटमेंटची एक गरम टाकी, तिन्हींना एलपीजीचे बर्नर. बाहेर गॅस बँकेत ४२५ किलोचे चार सिलिंडर, दोन चालू आणि दोन राखीव, आणि तासाला १०० किलोचा इलेक्ट्रिक वॉटर बाथ व्हेपोरायझर, म्हणजे द्रव गॅस गरम पाण्यात बुडालेल्या कॉइलमधून नेऊन त्याची वाफ करणारं यंत्र. डिसेंबर लागला की रोज तोच तमाशा. साडेसातला बर्नर पेटवले की पहिली पाच-दहा मिनिटं ज्योत पिवळी, फुरफुरणारी. मग सगळं ठीक. आणि साडेआठच्या सुमाराला दोन-तीन मिनिटांत प्रेशर दीड किलोवरून (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो) निम्म्याखाली येतं आणि बर्नर लॉकआउट होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात. अकरा-बारानंतर संध्याकाळपर्यंत काही त्रास नाही. सप्लायर म्हणतो, २०० किलोचा व्हेपोरायझर घ्या. तुम्हाला शंका आहे की आतल्या कॉइलवर बर्फ जमत असावा.

गॅस बँका उभारणं आणि दुसऱ्यांनी उभारलेल्या दुरुस्त करणं यात माझी बावीस वर्षं गेली. त्या हिशेबाने सांगतो: तुमच्याकडे एक आजार नाही, दोन आहेत. सकाळची पिवळी ज्योत हा एक आणि साडेआठचं लॉकआउट हा दुसरा. दोन्ही थंडीत दिसतात म्हणून एकाच नावाखाली गेलेत. मोठा व्हेपोरायझर लावलात तर दुसरा कदाचित झाकला जाईल, पहिला मात्र तसाच राहील.

बर्फाचं आधी निकालात काढू. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ ला. त्यांच्या वॉटर बाथमध्ये नळीभोवती बर्फाचा कोट चढतो, म्हणून तिथे पाणी पंपाने फिरतं ठेवावं लागतं. २०२१ मध्ये हॉस्पिटलांबाहेरच्या ऑक्सिजन टाक्यांशेजारी पांढरेफटक झालेले, पंखांसारख्या पट्ट्यांचे उभे पाइप लोकांनी पाहिले, तेव्हापासून व्हेपोरायझर म्हटलं की बर्फ असं डोक्यात बसलंय. एलपीजीचं तसं नाही. प्रोपेन उणे ४२ ला उकळतो हे खरं, पण ते उघड्या हवेत. तुमच्या कॉइलमध्ये गॅस दाबाखाली असतो. आपल्याकडचं मिश्रण ढोबळमानाने ६० टक्के ब्युटेन आणि ४० टक्के प्रोपेन धरलं, तर पहाटेच्या दहा अंशांना सिलिंडरमध्ये अडीच किलोच्या आसपास प्रेशर असतं, आणि त्या प्रेशरला हे मिश्रण साधारण १० ते २५ अंशांच्या दरम्यान उकळतं. पाणी ६० अंशांचं. बर्फ जमणार कुठून?

पण याच आकड्यात एक गोष्ट लपली आहे, जी भल्याभल्या मेंटेनन्सवाल्यांच्या लक्षात येत नाही. व्हेपोरायझर प्रेशर बनवत नाही. तो फक्त उष्णता देतो. प्रेशर सिलिंडरमधून येतं आणि सिलिंडरचं प्रेशर त्याच्या आतल्या द्रवाच्या तापमानावर ठरतं. मे महिन्यात ३८ अंशांना तोच सिलिंडर साडेसहा किलो देतो. म्हणजे उन्हाळ्यात स्ट्रेनर (लाइनमधली गाळणी) थोडा चोंदला असला, एखादा व्हॉल्व्ह अर्धाच उघडला असला, तरी साडेसहामधून सगळं निभावतं. अडीचमधून निभावत नाही. वर्षभर चाललेल्या आळसाचा हिशेब थंडी मागते, एवढंच.

आता साडेआठचं दुखणं. ते मी आधी घेतो, कारण त्यात कामाचा खोळंबा आहे.

तुमच्या तीन बर्नरचं रेटिंग तुम्ही ५, ४ आणि ३ लाख किलोकॅलरी दिलंय. एकूण १२ लाख. एलपीजीचे किलोमागे जवळपास ११ हजार किलोकॅलरी धरले तर तिन्ही हायफायरवर (पूर्ण ज्योतीवर) असताना तासाला ११० किलो गॅस लागतो. व्हेपोरायझर १०० चा. सप्लायरचं म्हणणं इथून आलं आणि कागदावर ते चुकीचं नाही. पण तिन्ही हायफायरवर किती वेळ असतात? ओव्हन थंड असतात तेवढाच वेळ, म्हणजे सकाळचा तास-दीड तास. नंतर तुमचा खप निम्म्यावर येत असणार. महिन्याला किती सिलिंडर लागतात आणि किती तास काम चालतं ते भागून बघा, आकडा कळेल.

द्रव एलपीजीची वाफ करून ती चाळीसेक अंशांपर्यंत तापवायला किलोमागे १०० ते ११० किलोकॅलरी लागतात. ११० किलोला साधारण साडेअकरा हजार. एक किलोवॅट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी, म्हणून ८६० ने भागलं की साडेतेरा किलोवॅट. तुमच्या व्हेपोरायझरच्या पाटीवर १५ किलोवॅट लिहिलंय असं तुम्ही सांगता. म्हणजे तब्येत ठणठणीत असेल तर हा व्हेपोरायझर ११० चा भार सकाळी तासभर ओढायला हवा. शिवाय बाथमध्ये २०० लिटर पाणी आहे. ते पाणी म्हणजे उष्णतेची पेटीच. ६५ वरून ४५ वर यायच्या आत ते स्वतःच्या पोटातून ४ हजार किलोकॅलरी देतं. मग अडतं कुठे?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला महत्त्वाचं वाटलं: 'पाण्याचं तापमान बघितलेलं नाही, पण पॅनेलवरचा हीटरचा लाल दिवा सतत चालू असतो.' तुम्ही ते हीटर ठीक असल्याचा पुरावा म्हणून लिहिलंय. मी ते उलटं वाचतो. धडधाकट व्हेपोरायझरचा दिवा लागतो-विझतो. दिवा विझतच नाही याचा अर्थ पाणी सेटिंगला पोचतच नाही. आणि तो दिवा काँटॅक्टर (हीटरचा विजेवर चालणारा स्विच) ओढल्याचा आहे, हीटरमध्ये करंट असल्याचा नव्हे.

हीटर बहुधा तीन एलिमेंटचा, स्टारमध्ये जोडलेला, न्यूट्रल नसलेला असतो. यातलं एक एलिमेंट जळालं तर लोकांना वाटतं एक तृतीयांश गेलं, दोन तृतीयांश शिल्लक. तसं होत नाही. उरलेली दोन एकमेकांच्या सिरीजमध्ये येतात आणि पॉवर थेट निम्मी होते. १५ चे साडेसात किलोवॅट. साडेसात किलोवॅटमध्ये तासाला साठेक किलो गॅसची वाफ होते. आता तुमची सकाळ मांडून बघा. भार ११०, हीटर साठपुरता. तासाला ५ हजार किलोकॅलरींची तूट, ती पाण्याच्या पोटातून निघते. ६५ चं पाणी ४५ वर यायला पाऊण तास ते पन्नास मिनिटं. साडेसातला सुरू केलंत, साडेआठच्या अलीकडे-पलीकडे पाणी ४५ ला येतं, लो टेंपरेचरचा इंटरलॉक (पाणी थंड झालं की गॅस तोडणारी सुरक्षा) द्रवाच्या लाइनवरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, बंद करतो, पाइपात उरलेला गॅस दोन-तीन मिनिटांत संपतो आणि बर्नर लॉकआउट. दुपारी ओव्हन तापलेले असतात, खप साठच्या खाली येतो, निम्मा हीटरही पुरतो. उन्हाळ्यात द्रव मुळातच कोमट असतो, किलोमागे उष्णता कमी लागते, त्यामुळे पाणी ४५ ला यायच्या आत ओव्हन तापून जातात आणि कोणाला पत्ता लागत नाही.

हे मी तुमचा व्हेपोरायझर न बघता सांगतोय, म्हणून तपासून घ्या. इलेक्ट्रिशियनला टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचं मीटर) घेऊन बोलवा. १५ किलोवॅटला प्रत्येक फेजमध्ये २१ अँपिअरच्या आसपास यायला हवेत. दोन फेजमध्ये १८ आणि तिसऱ्यात शून्य आलं तर वर सांगितलेला प्रकार. जोडणी डेल्टा असेल तर एका फेजमध्ये २१ आणि दोन फेजमध्ये १२ येतील. तिथे पॉवर १० किलोवॅट उरते. पॅनेल उघडण्यापूर्वी ते गॅस बँकेच्या धोक्याच्या क्षेत्रात बसवलंय की बाहेर, हे बघा. फ्लेमप्रूफ पेटीचं झाकण सप्लाय चालू असताना उघडायचं नसतं. मोजमाप सुरक्षित जागेतल्या मुख्य पॅनेलवर करा.

करंट तिन्हीकडे बरोबर आला, तर मी चुकलो. मग साडेआठला पाण्याचं तापमान बघा. पाणी ६० च्या वर आणि तरी प्रेशर पडतंय, तर दोष व्हेपोरायझरच्या अलीकडे आहे. अशा वेळी मी मीटरच्या आधी हात लावून बघतो. सिलिंडरच्या पिगटेलपासून (सिलिंडर लाइनला जोडणाऱ्या नळीपासून) व्हेपोरायझरपर्यंतच्या द्रवाच्या लाइनवर कुठे दव किंवा दहिवर साचलंय का? जिथे साचलंय तिथे गाठ आहे. द्रव त्या अरुंद जागेतून जाताना प्रेशर पडतं, थोडा तिथेच उकळतो आणि धातू थंड पडतो. बहुतेक वेळा तो स्ट्रेनर असतो. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे ऑपरेटर 'सिलिंडर पूर्ण संपावा' म्हणून दोनऐवजी एकच उघडतो. सगळा प्रवाह एकाच पिगटेलमधून गेला की त्यातलं प्रेशरचं नुकसान दुप्पट नव्हे, चौपट होतं. दोन्ही उघडून बघा, पैसा लागत नाही. सिलिंडर लिक्विड ऑफटेकचे, म्हणजे वाफ नव्हे तर द्रव बाहेर देणारे आहेत हे मी गृहीत धरलंय. चुकून व्हेपर ऑफटेकचे आले असतील तर सगळं गणितच बदलतं: तिथे वाफ सिलिंडरमध्येच होते, आधी प्रोपेन निघून जातो, मागे थंड ब्युटेन उरतो आणि सिलिंडर घामाघूम होऊन बसतो. पहाटेच्या थंडीत चहाच्या टपरीवर सिलिंडर कोमट पाण्याच्या टबात ठेवलेला दिसतो ना, तो याच कारणासाठी. खरं म्हणजे तोही वॉटर बाथच, फक्त थर्मोस्टॅट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेला, म्हणून त्याची नक्कल करू नका.

हीटर का जळतो, हाही प्रश्न आहेच, नाहीतर नवा एलिमेंटही पुढच्या दिवाळीला जाईल. बाथमध्ये बोअरचं पाणी भरता का? जड पाण्यातले क्षार सगळ्यात गरम जागी बसतात, म्हणजे हीटरवर. क्षाराचा थर चढला की उष्णता बाहेर पडत नाही, एलिमेंट आतल्या आत लाल होऊन जातो. प्रीट्रीटमेंटसाठी तुमच्याकडे डीएम प्लँट (पाण्यातले क्षार काढणारा) असणारच. त्यातलं पाणी भरा, गंज रोखणारं रसायन उत्पादकाने सांगितलेल्या मात्रेत टाका, आणि वाफेने कमी झालेली पातळी दर आठवड्याला बघा. लो लेव्हल स्विच आहे म्हणून निश्चिंत राहू नका. गाळात अडकलेला फ्लोट पाणी नसतानाही 'पाणी आहे' म्हणतो.

कॉइलच्या आतही साचतं. एलपीजीबरोबर थोडं जड, तेलकट काहीतरी येतं. ते उकळत नाही, कॉइलच्या तळाशी राहतं आणि आतून लेप धरतं. आमच्याकडे त्याला नुसतं 'काळं तेल' म्हणतात. तळाला ड्रेन दिलेला असतो तो यासाठीच. वास इतका जबर असतो की शेजारचा कारखाना गळती समजून धावत येतो, कारण गॅसला वास देणारं रसायन त्यात एकवटलेलं असतं. लाइन बंद करून, प्रेशर पूर्ण उतरवून, जवळपास कुठे ज्योत किंवा ठिणगी नाही हे बघून, माहितगार माणसाकडूनच ते काढून घ्या. गटारात सोडू नका. एलपीजीची वाफ हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असते, ती गटारातून लांबवर जाते.

आता सकाळची पिवळी ज्योत. हिचा व्हेपोरायझरशी संबंध नाही.

व्हेपोरायझरमधून गॅस गरम निघतो, रेग्युलेटरमधून दीड किलोवर येतो आणि तुमच्या वर्णनाप्रमाणे साठ मीटर उघड्या पाइपातून शेडमध्ये जातो. संध्याकाळी बर्नर बंद केलेत तरी पाइपात दीड किलोने गॅस भरलेलाच राहतो. रात्री पाइप दहा अंशांवर येतो. मघाच्याच ६०-४० मिश्रणाचा हिशेब केला तर दहा अंशांना साधारण सव्वा किलोच्या वर त्यातला ब्युटेन पुन्हा द्रव व्हायला लागतो. चौदा-पंधरा अंशांना दीड किलो चालून जातं, म्हणून नोव्हेंबरात त्रास नव्हता. पाइपाच्या खोलगट भागात रात्रभर हा द्रव साचतो आणि सकाळी पहिल्या झटक्यात बर्नरकडे जातो. एक थेंब द्रवाची अडीचशे पट वाफ होते. बर्नरला हवा नेहमीचीच मिळते, मग ज्योत पिवळी होणार आणि फुरफुरणारच. पाच-दहा मिनिटांत साचलेलं संपतं. निफाडला पारा पाच-सहावर उतरतो, तिथल्या एका युनिटला मी हेच दुखणं दिवसभर चाललेलं पाहिलंय, कारण पाइप सावलीतून गेला होता.

उपाय सोपा आहे: पहिल्या टप्प्याचं प्रेशर गॅस बँकेतच उतरवा. दीडऐवजी पाऊण किलोवर. पाऊण किलोला तुमच्या हवामानात द्रव होत नाही. अडचण एकच, कमी प्रेशरला तेवढाच गॅस न्यायचा तर पाइप मोठा लागतो. तुमचा पाइप किती इंची ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे पाऊण किलोवर भार ओढला जाईल की नाही हे मी इथून सांगू शकत नाही. एका सकाळी तिन्ही बर्नर हायफायरवर असताना रेग्युलेटर हळूहळू उतरवत जा आणि शेडमधल्या गेजवर लक्ष ठेवा. बर्नर ट्रेनला हवं ते प्रेशर मिळतंय तिथवर जा. नाही पुरलं तर पाइपाच्या खालच्या टोकाला ड्रिप पॉट (साचलेला द्रव धरून ठेवणारं भांडं) बसवा आणि उघड्या भागाला इन्सुलेशन करा. रात्री बंद करतानाची सवयही बदला: आधी सिलिंडरकडचा द्रवाचा व्हॉल्व्ह बंद, मग बर्नरला लाइनमधला गॅस जाळू द्या, आणि शेवटी बर्नर बंद. पाइप रिकामा असेल तर साचणार काय?

हाच क्रम आणखी एका कारणासाठी पाळा. गरम पाण्यात बुडालेल्या कॉइलच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून द्रव आत कोंडायचा नसतो. द्रव तापून फुगतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. मग लोक सेफ्टी व्हॉल्व्हलाच दोष देतात.

आणि एक विनंती. पाणी थंड झाल्यावर सोलेनॉइड बंद होतो, याचा कंटाळा येऊन कोणी त्याला बायपास करायला सांगेल. करू देऊ नका. एका कारखान्यात (नाव सांगत नाही) मी तसं केलेलं पाहिलंय. सोलेनॉइडच्या बाजूने अर्ध्या इंचाची लाइन आणि तिला व्हॉल्व्ह, 'फक्त थंडीपुरता'. एका सकाळी हीटरचा एमसीबी पडलेला कोणाच्या लक्षात आला नाही, थंड पाण्यातून द्रव तसाच रेग्युलेटर ओलांडून ओव्हनपर्यंत गेला आणि ज्योत ओव्हनच्या तोंडातून माणसाच्या उंचीएवढी बाहेर आली. ट्रॉली ओढणारा मुलगा दोन पावलं बाजूला होता म्हणून वाचला. तुमचा इंटरलॉक रोज साडेआठला जे करतो ते त्याचं काम आहे.

कामाचा क्रम मी असा लावेन. उद्या सकाळी हीटर सहालाच चालू करा. २०० लिटर पाणी १५ वरून ६५ वर न्यायला धडधाकट १५ किलोवॅटलाही पाऊण तास लागतो, आणि तुमचा निम्माच असेल तर दीड तास. साडेसातपासून दर दहा मिनिटांनी पाण्याचं तापमान आणि रेग्युलेटरच्या आधीचं प्रेशर वहीत लिहा. इलेक्ट्रिशियनचं मोजमाप त्याच दिवशी. तोवर काम अडू नये म्हणून बर्नर वीस-वीस मिनिटांच्या फरकाने पेटवा, तिन्ही एकदम नको.

एलिमेंट बदलून, स्ट्रेनर साफ करून, ओव्हन टप्प्याने पेटवूनही पाणी खाली जात असेल, किंवा पुढच्या वर्षी तिसरं ओव्हन येणार असेल, तर क्षमता वाढवा. पण तेव्हाही २०० चा एक घेऊन जुना भंगारात देऊ नका. आहे त्याच्या शेजारी १०० चा दुसरा समांतर बसवा. दुपारी एकच चालेल, सकाळी दोन्ही, आणि एकाचं काळं तेल काढायचं असेल त्या दिवशी शिफ्ट बंद ठेवावी लागणार नाही. जागेची अंतरं आयएस ६०४४ आणि ओआयएसडी १६२ या एलपीजी बसवण्याच्या मानकांप्रमाणे पुन्हा तपासावी लागतील, आणि तुमच्या परवान्याच्या नकाशात एकच व्हेपोरायझर दाखवला असेल, तर काम सुरू करण्याआधी नवा नकाशा पेसोकडून (स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची यंत्रणा) मंजूर करून घ्यावा लागेल.